परेरा अंकलचं तीन दारांचं कपाट

हसा, पोटभर हसा. पण एक आधीच सांगून ठेवते, मी हरलेले नाही! तोंडावर आपटले असेन, नवरा अजून टोमणे मारतो तेही खरं, पण हरलेले नाही. घेतला ना चहा सगळ्यांनी? मग माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. मिलिंदकडून ऐकलीत तर तो तिखटमीठ लावून सांगतो.

आम्ही कुर्ल्याला भाड्यानं राहायचो. आमची सिद्धी अकरावीला गेली आणि मी जाहीर केलं, पोरीला अभ्यासाला स्वतःची खोली पाहिजे म्हणजे पाहिजे. तोपर्यंत ती बिचारी ओट्याशेजारी स्टुलावर बसून फिजिक्स करायची. एका कानात न्यूटन, दुसऱ्या कानात कुकरची शिट्टी. कशी व्हायची पोर इंजिनियर?

तर शोधता शोधता कांजूरमार्ग ईस्टला एक घर सापडलं. तिसरा मजला, वन बीएचके. मालक परेरा अंकल आणि आंटी, दोघंच. लेकीकडे वसईला राहायला चाललेले. किमतीचं जमलं, सगळं झकास. आता घासाघिशीत मला कोण हरवणार? मी हॉस्पिटलात सिस्टर. पेशंटचे नातेवाईक सोडा, डॉक्टरसुद्धा माझ्या वॉर्डात आवाज खाली करून बोलतात.

त्यात आमच्या शेट्ये सिस्टरनं मला पढवून ठेवलं होतं. "वैशाली, किंमत ठरली ना, की खरा खेळ सुरू होतो. मालक हळूच म्हणतो, आता फर्निचरचं काय करायचं? आणि जुनी लाकडं सोन्याच्या भावानं गळ्यात मारतो. तू ऐकूनच घेऊ नकोस!"

मी ऐकूनच घेतलं नाही. हीच तर सगळी गंमत!

टोकन द्यायला आम्ही त्यांच्या हॉलमध्ये बसलो. मी, मिलिंद, परेरा अंकल-आंटी आणि एजंट दिनेश. आंटीनं घरचा केक पुढे केला. अंकलनी घसा खाकरला.

"सिस्टर, एक बोलायचं होतं. ते फर्निचरचं..."

झालं! माझ्या डोक्यात शेट्ये सिस्टर उठून उभी राहिली.

"फर्निचरचा एक पैसा मिळणार नाही!"

"नाही नाही, पैशाचं नाही. ते आतलं कपाट आहे ना, त्याचं जरा..."

"कपाटाचा तर अजिबात नाही!"

दिनेश म्हणाला, "अहो ताई, ऐकून तर घ्या."

"तू गप रे. तुला दोन्हीकडून मिळतं."

आतल्या खोलीतलं हे कपाट मी बघितलं होतं. बघितलं म्हणजे काय, न बघून जाणार कुठे? तीन दारं, मधल्या दाराला माणूसभर आरसा, डोक्यावर कोरीव मुकुट, खाली सिंहाचे पंजे. एखाद्या संस्थानिकाला अटक करून त्या खोलीत ठेवलंय असं वाटायचं.

आंटी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आम्ही काय म्हणतो, तुमची मुलगी मोठी. तिला जागा लागणार. कपाट इथे ठेवून तुम्हाला उगाच..."

आता मला सांगा, साध्या माणसाला यातून काय कळलं असतं? की बाई आपल्या सोयीचं बोलतेय. मला काय कळलं? ही धमकी आहे! पैसे नाहीत तर कपाट उचलून नेणार!

मी ताडकन उठले. "परेरा अंकल, ह्या घरात आज जे जे आहे, ते सगळं घरासकट! खिळाही हलवायचा नाही. कपाट हललं तर व्यवहार मोडला समजा!"

तेवढ्यात वारा फिरला आणि डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आत आला. आंटीनं उठून खिडकी लावली.

"सगळं?" अंकलनी विचारलं.

"सगळं!"

"विचार करा, सिस्टर. खरंच सगळं?"

"मिलिंद, ऊठ. चल."

मिलिंद उठेना. पेशंट मोठ्या सुईकडे बघतो ना, तसा माझ्याकडे बघत राहिला.

अंकल-आंटी स्वयंपाकघरात गेले. आतून दबके हुंदके आले. दारातून बघते तर आंटी तोंडाला पदर लावून गदगदतेय, तिचे खांदे हलतायत. मी दोन पावलं पुढे गेलेही हो! पण म्हटलं, वैशाली कांबळे, आता विरघळायचं नाही. पोरीच्या घराचा प्रश्न आहे.

दोघं बाहेर आले तेव्हा आंटीचे डोळे लालभडक. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमची एवढी इच्छा आहे तर ठेवा, बाई. सुखानं वापरा."

जिना उतरताना मी नुसती तरंगत होते.

"वैशाली," मिलिंद म्हणाला, "मला वाटतं ते कपाट नेणार होते."

"तेच तर! मी वाचवलं!"

"पण आपल्याला ते कुठे हवं होतं?"

जिंकलेल्या माणसाला ऐकू जरा कमीच येतं.

किल्ली मिळाली. आम्ही तिघं हौसेनं दार उघडून आत गेलो. तुम्हाला सांगते, परेरा अंकलइतका शब्दाचा पक्का माणूस मुंबईत दुसरा नसेल! सगळं म्हणजे सगळं ठेवलं होतं. आठ माणसांचं टेबल. तीन पायांची खुर्ची. चाक नसलेलं शिलाई मशीन. माळ्यावर फुटका ड्रम. भिंतीवरची येशूची तसबीर तेवढी नेली होती, पण खिळा? खिळा जागेवर!

आणि आतल्या खोलीत तो संस्थानिक. अर्धी खोली त्याची. उरलेल्या अर्ध्यात आम्ही सिद्धीचं नवंकोरं टेबल ठेवून बघितलं. टेबल ठेवलं की दार उघडेना, दार उघडलं की टेबल मावेना.

सिद्धी म्हणाली, "आई, ही खोली माझी आहे की कपाटाची?"

तिच्या आवाजात राग असता तर चाललं असतं. तिचा आवाज बारीक झाला होता. ज्या खोलीसाठी आम्ही आयुष्यभराचं कर्ज डोक्यावर घेतलं, त्या खोलीत पोरीला बसायला जागा नाही! पण मी कबूल करणार? छे! "अस्सल सागवान आहे," म्हटलं. "कळेल किंमत हळूहळू."

मिलिंदनं मला न सांगता कपाटाचा फोटो मोबाईलवर जुन्या सामानाच्या जाहिरातीत टाकला. एकाचा मेसेज आला, फुकट देणार का? ह्यानं लिहिलं, हो, फक्त तुम्ही येऊन न्या. त्याचं उत्तर काय असेल? "न्यायचे आम्हाला किती देणार?"

शेवटी एक सुतार मिस्त्री आणि चार हमाल आले. मिस्त्रीनं टेप लावली. कपाट मोजलं, दार मोजलं. पुन्हा कपाट मोजलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"मॅडम, हे आत आलं कसं?"

मी अंकलला फोन लावला.

"अहो सिस्टर," ते म्हणाले, "ती आधी एकच मोठी खोली होती. कपाट आधीपासून होतं. आमची पोरगी मोठी झाली तेव्हा मधे भिंत घातली."

म्हणजे बघा, कपाट घरात नव्हतंच. घर कपाटाभोवती बांधलेलं होतं!

मिस्त्री म्हणाला, "दोनच रस्ते. भिंत तोडा नाहीतर कपाट तोडा." आणि त्यानं हातोडा उचलला.

मी मधे आडवी झाले. "खबरदार! लढून मिळवलंय मी ते!"

"वैशाली!" मिलिंद ओरडला. "पोरगी कुठे बसणार?"

"ह्याच्यात बसेल!"

बोलून गेले खरी. पण मिस्त्री टोपी घालून कपाटाकडे बघायला लागला. त्यानं मधलं दार उघडलं. आत वाकून बघितलं, टकटक केलं. आणि संध्याकाळपर्यंत त्यानं आतल्या फळ्या काढल्या, त्यातलीच एक टेबलासारखी आडवी ठोकली, वर दिवा लावला, मागे हवेला भोकं पाडली. सिद्धी खुर्ची सरकवून आत बसली. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसली होती, पण पाच मिनिटांत म्हणाली, "आई, दार ओढून घेतलं की तुझा आवाज येत नाही गं!"

तेव्हापासून ती तिथेच अभ्यास करते. घरी कुणी आलं आणि विचारलं, सिद्धी कुठंय, तर मिलिंद शांतपणे सांगतो, "कपाटात आहे." एकदा सोसायटीचे सेक्रेटरी गंभीर चेहरा करून आले. म्हणे, तुम्ही मुलीला कोंडून ठेवता अशी तक्रार आहे. मी त्यांना आत नेलं, आरशाचं दार उघडलं. आत सिद्धी, समोर केमिस्ट्री. "दार लावा ना, काका," ती म्हणाली. सेक्रेटरींनी दार लावलं आणि पाणी मागितलं.

नाताळात परेरा अंकल-आंटी केक घेऊन भेटायला आले. कपाटाची कळा बघून अंकलच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सिस्टर, खरं सांगू? त्या दिवशी आम्ही तेच सांगत होतो. ते कपाट तोडून न्यायला माणूस ठरवला होता. खर्च आमचा. तुम्हाला त्रास नको म्हणून. पण तुम्ही बोलूच देईनात!"

"आणि मग मी आत जाऊन इतकी हसले, इतकी हसले," आंटी म्हणाली, "डोळ्यांतून पाणी थांबेना!"

हुंदके कसले, बाई हसत होती! मिलिंदला केकचा ठसका लागला. मुद्दाम लागला, मला माहीत आहे.

आता दुसरी कुणी असती तर तिथेच मान खाली घातली असती. मी? मी पदर खोचला.

"मला सगळं कळलं होतं, आंटी! मला हे कपाट हवंच होतं. असली वस्तू आजकाल मिळते कुठे? एक काय, दोन असती तरी ठेवून घेतली असती!"

अंकलचा चेहरा असा उजळला, असा उजळला!

"देवच पावला! गावठाणातलं माझ्या भावाचं घर पाडायला काढलंय. तिथे ह्याच्या जोडीचं आहे. थोडं लहान, दोन दारांचं. फेकवत नाही आणि कुणी घेतही नाही. पाठवून देऊ?"

मिलिंदनं डोळे मिटले. कपाटाच्या उघड्या दारातून सिद्धी ओरडली, "आई, नाही म्हण!"

खोलीत सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि ह्या वैशाली कांबळेनं छाती पुढे काढून काय म्हणावं?

"पाठवा!"

हसा, हसा. बिस्किटं घ्या अजून. आणि तू गं, जरा पुढे सरकून बस. मघापासून जिला टेकून खिदळतेयस ना, ती भिंत नाही.