पणजीचं पहिलं नाव

लॉकडाऊनमध्ये ड्यूटी संपली की मी आयर्लंडमधल्या नावन गावात नदीकाठी बाकावर बसायचो. तिथे एक म्हातारा असायचा. आमच्यात अंतर राहावं म्हणून तो काठी बाकावर मधोमध आडवी ठेवायचा, मग मास्क हनुवटीखाली ओढून थर्मासमधला चहा प्यायचा. इंग्रजांच्या एडवर्ड राजाच्या, म्हणजे १९०१ ते १९१० च्या काळातल्या साध्यासुध्या माणसांची चरित्रं तो ब्लॉगवर लिहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

"तुमच्याकडेही तोच राजा होता," तो एकदा म्हणाला. "माझ्या ब्लॉगवर पाहुणा म्हणून तू लिही की. तेव्हा तुमच्या घरात कोण होतं?"

"पणजी. पण ती तेव्हा लहान मुलगी असेल."

"ग्रँड," तो म्हणाला; 'छान'साठी त्याचा हाच शब्द. "जन्मनावापासून सुरू कर."

मी नागपूरला आईला फोन केला. "लग्नात माझ्या आजीचं नाव बदललं रे," ती म्हणाली. "सासरी सगळे सरस्वतीच म्हणायचे. आधीचं कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितल्यावर म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. "राजाच्या काळात तर ती त्या पहिल्या नावानेच बागडत असेल," तो म्हणाला. "ते हरवलं, एवढंच लिही."

मी तेवढंच लिहिलं आणि फोनवर आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं,

"माझं माहेरचं नाव तरी तुला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मामा गेल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती.