आईनं हात बुडवलेलं पाणी

मराठी बोलणारं घर मिळालं म्हणून मला कावेरीच्या उगमाकडच्या डोंगरातून इतक्या लांब, कुंभकोणमला दिली. निघायच्या दिवशी आईनं ओढ्यावर नेऊन माझा हात पाण्यात धरला. बोटं बधिर झाली. म्हणाली, "हेच पाणी कावेरी होऊन तुझ्या दारावरनं जातं. मी इथं हात बुडवीन, तू तिथं बुडव. मग रडायचं काय कारण?" माझी शाळा चौथीपर्यंत. मला ते अगदी खरं वाटलं.

गावातल्या आमच्या मेलकावेरी भागात तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असायच्या. मी रोज हात बुडवायची. सासूबाई हसायच्या, "तुझ्या आईचा हात धरणात अडकला गे, खाली कुठला यायला!"

आता घाटाखाली वाळूही धड नाही. लॉऱ्यांनी उपसून खड्डे केलेत. कडेनं गटार वाहतं. वर कुठं रेशीम रंगवलं की ते लाल होतं. झोपेत मला अजून ओढा ऐकू येतो. जाग आल्यावर कळतं, पंखा आहे.

यंदा मुलीच्या लग्नानंतरचा पहिला आडी महिना, म्हणजे इकडचा आषाढ. त्याच्या अठराव्या दिवशी नव्या नवरीनं नदीवर मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलायचा. वरचं धरण उघडल्याचं टीव्हीवर सांगितलं होतं, पण घाटाशी बोअरचा पाइपच सोडलेला. बायका त्याखाली हात धरत होत्या.

"पाणी ते पाणी. आटपा," सासूबाई म्हणाल्या.

माझं मन होईना. तेवढ्यात लांब वाळूवर काही चकाकलं. पाणी येत होतं, पुढ्यात फेस, बाटल्या, सुकी पानं ढकलत. वाटेतला एकेक खड्डा भरल्याशिवाय त्याला पुढं सरकता येईना. घाटाअलीकडच्या मोठ्या खड्ड्यात शिरलं आणि तिथंच राहिलं.

"वेळ टळते गे!" सासूबाई ओरडल्या.

मी चारचौघांत कधी पुढं होत नाही. पूजेचं ताट उचललं आणि वाळूत उतरले. मुलगी मागून आली. बाटल्या बाजूला सारून मी तिचा हात पाण्यात धरला. तिथंच दोरा बदलला.

मग आईला फोन लावला. "पोचलं, आई."

"गार आहे ना?"

"नाही गं. कोमट आहे. मातकट."

"एवढं लांब चालत आलंय ते. तू तरी कुठं पहिल्यासारखी राहिलीस? म्हणून मी तुला ओळखत नाही का?"