हळद-मीठ लावलेली डोकी

माझ्या नणंदेची देवळाली प्रवरा इथे गावरान कोंबड्यांची शेड आहे. घरच्यांच्या नाकावर टिच्चून तिने ती उभी केली. मागची पिल्लांची अख्खी खेप तिसऱ्या आठवड्यात माना टाकून गेली, तेव्हा ती फोनवर रडली नाही. नुसतं म्हणाली, "वहिनी, आजून एकदा बघते. ही बी गेली तर पत्रे काढून इकते." मला ते ऐकवेना. "तू पिल्लं आण," मी म्हणाले, "त्यांच्या अंगात ताकद आणायचं माझ्याकडे लागलं."

मी भिंगारला राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे थोडी बढाई मारायचा मला हक्क आहे असं माझं मत आहे. आमच्या बाजारात मासे साफ केले की डोकी, आतडी, काटे बादलीत पडतात आणि बादली उकिरड्यावर जाते. सगळी उत्तम प्रथिनं. ती वाटायची, कच्च्या पपईचा कीस मिसळून चार-पाच तास कोमट ठेवायची. पपईचा रस मांस विरघळवतो. मग उकळून, गाळून, वरचं तेल काढून वाळवायचं आणि पूड करायची. कोवळ्या पिल्लालाही ती पचते.

पहिल्या वेळी काहीच विरघळलं नाही. मी पपईला दोष दिला. ती शेजारणीच्या झाडाची होती, म्हणून शेजारणीलाही दोन शब्द ऐकवले. दुसऱ्या वेळी बाजारातून पपई आणली, नवा थर्मामीटर घेतला. सहा तासांनीही लगदा तो लगदाच. पिल्लं यायला पाच दिवस उरले होते आणि माझी झोप उडाली होती.

तिसऱ्या वेळी बादली घेऊन यायच्या आधी मी ती भरून देणाऱ्या मासळीवाल्या मावशींसमोर उभी राहिले. त्यांनी डोकी धुतली, त्यावर हळद टाकली, मूठभर मीठ घातलं, दोन लिंबं पिळली आणि सगळं खसाखसा चोळलं.

"मावशी, हे काय?"

"बाई, तुमी म्हनलात पिल्लांचं औषध करायचंय. मग असं वासाचं कसं देऊ? घरच्यावानी लावून देते. लिंबं माझ्या पदरची हायत."

लगद्याचा पिवळेपणा मी दोन्ही वेळा पाहिला होता आणि तो पपईचा धरला होता. कच्ची पपई आतून पांढरी असते. एवढं आंबट आणि खारट झाल्यावर पपईचा रस काम करत नाही, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलेलं. मला माझीच लाज वाटली.

"उद्यापासून नुसतं धुऊन द्या," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या हातानं नासलं व्हय?"

"नाही. मीच विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पातेल्यात पातळ, तांबूस पाणी तयार झालं. पूड वाळवून वेळेत देवळालीला पोचवली. अर्ध्या पिल्लांना पूड द्यायची आणि अर्ध्यांना नाही, म्हणजे फरक कळेल, असं मी नणंदेला सुचवलं. "माझ्या अर्ध्या पिल्लांवर परीक्षा घेता का?" तिने विचारलं, आणि सगळ्यांनाच पूड घातली. त्यामुळे पुडीनेच ती तगली असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि उद्या पूड विकायला काढली तरी पिशवीवर तसं छापणारही नाही. पण पूड चांगली आहे, हे मी कुणालाही सांगेन.

तिसरा आठवडा उलटला आणि फोन आला. "वहिनी, सकाळी सगळी दान्यावर तुटून पडली." मग म्हणाली, "पत्रे न्हाई इकत मी. आजून चार आनायचेत."

मी ओट्याशीच उभी राहून रडले. मग तोंड धुऊन बाजारात गेले. मावशी मासा कापत होत्या.

"जगली व्हय पिल्लं?"

"जगली."

विळीवरचे हात थांबले. "मंजी माझी लिंबं वाया न्हाई गेली."

"नाही गेली, मावशी," मी म्हणाले. तीस वर्षं विज्ञान शिकवून म्हणाले.