डोंगर उजव्या हाताला

फॉर्म दोन पानांचा होता आणि माझं सगळं नशीब त्याच्या दुसऱ्या पानावरच्या एका ओळीत अडकलं होतं. ‘अविवाहित मुलींसाठी : वडिलांची संमती व सही.’ हिमालयातली एक नावाजलेली लांब पल्ल्याची डोंगरवाट, पाठीवर बोजा घेऊन पंधरा दिवस टप्प्याटप्प्यानं चालायची, असं ते शिबिर होतं. मी बाविशीची, इस्लापूरच्या शाळेत नवी मास्तरीण. हिमालय मी फक्त नकाशात पाहिला होता, तोही मुलांना पट्टीनं दाखवताना. पण फॉर्म हातात पडल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मी मनानं बर्फात असायची आणि हातचा एक विसरायची.

लेक कुठल्या रानात नोकरी करते ते बघायला अप्पा लातूरहून आठ दिवसांसाठी आले होते. अप्पा बांधकामावर मुकादम. त्या पावसाळ्यात उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा होणार, होणार म्हणता म्हणता खरंच व्हायला लागला होता, आणि अप्पांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. कचेरी कुठं होणार, कलेक्टर कुठं बसणार, सगळं त्यांना ठाऊक. मी फॉर्म पुढं केला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, जिल्ह्याच्या रकान्यात मी लिहिलेलं ‘उस्मानाबाद’ खोडून ठसठशीत ‘लातूर’ लिहिलं, आणि फॉर्म घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. सहीचं नावच नाही.

“सपाटीवरल्या माणसाला डोंगर कामून लागतो गं माय?”

मी रुसले, जेवले नाही, भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी तोडगा काढला. “माहूरची परिक्रमा पुरी करून दाव. माझ्यासंगं. मग बघू.”

माहूरच्या डोंगराभोवतीची ही वाट आमच्या सगळ्या भागात प्रसिद्ध. दहा-बारा कोस तरी असेल. जंगलातून, ओढ्यांतून, चढउतार करत डोंगराला पूर्ण वेढा घालायचा आणि जिथून निघालो तिथं मातृतीर्थाच्या तळ्यावर परत यायचं. नारळी पौर्णिमेला हजारो माणसं ती एका दिवसात चालतात. अप्पांना गर्दीचा तिटकारा आणि गुडघ्याचं दुखणं, म्हणून पौर्णिमेच्या आधीच, तीन दिवसांत तीन टप्पे करायचे ठरलं. संध्याकाळी बैलगाडी किंवा जीप मिळेल त्यानं माहूरच्या धर्मशाळेत यायचं, सकाळी सोडलेल्या जागेवरून पुढं चालायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारच्या टपालात फॉर्म पडला नाही तर मुदत संपत होती. मी मनातल्या मनात शिबिराची थैली भरायलासुद्धा घेतली.

पहिल्या दिवशी पहाटे पाहते तर अप्पा दोन छागली भरून तयार. छागल म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, ट्रकवाले पुढं टांगतात ती. शिवाय पितळी फिरकीचा तांब्या, आणि माझ्या पिशवीत दोन बाटल्या.

“अप्पा, पावसाळा आहे. जंगलात झरे आहेत.”

“झऱ्याचा काय भरवसा? पाणी घेतल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई.”

लातूरचा माणूस तो. बहात्तरच्या दुष्काळात एका घागरीसाठी बाया दिवस दिवस आडावर बसलेल्या त्यानं पाहिलेल्या. मी एक छागल खांद्याला लावली. आणि मग काय सांगू, अर्धा कोस गेलो नाही तो पहिला ओढा! पुढं दुसरा. पुढं कातळावरून नुसतं झिरपणारं पाणी, शेवाळावरून, मुळ्यांवरून, आमच्या पायांवरून. सागाची पानं ताटाएवढी आणि त्यांच्यावरून टपटप. जिकडं पाहावं तिकडं पाणी आणि आम्ही दोघं शहाणे पाठीवर पाणी वाहून नेतोय. मला हसू आवरेना. मी ओढ्यात बसून घेतलं, साडीसकट. अप्पा आधी रागावले, मग बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिले.

“हे असं वाहून जाऊन राहिलंय, आन् कुणी अडवायला न्हाई,” ते म्हणाले. मुकादम ना, त्यांना लगेच तिथं बांध दिसायला लागला.

रोजची लिंगपूजा केल्याशिवाय अप्पा अन्न तोंडात घालत नाहीत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्यावर पळीभर पाणी घालायचं. आमच्या घरी दुष्काळात ती पळीसुद्धा अर्धी असायची. त्या दिवशी त्यांनी ओढ्यात उभं राहून ओंजळीवर ओंजळी पाणी घातलं. पूजा आटपेना. भाकरीची वाट बघून बघून माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तरीही पुढं निघताना छागली रिकाम्या करायला ते काही तयार झाले नाहीत.

दुसरा टप्पाही मस्त पार पडला. शेख फरीदच्या दर्ग्याजवळच्या धबधब्याखाली मी अशी ओरडले की झाडावरची माकडं पळाली. अप्पांचा गुडघा कुरकुरत होता पण तोंड हसरं होतं. “चालतीस की गं,” ते म्हणाले. आमच्या अप्पांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी. रात्री मी अंथरुणात पाय हलवत पडले होते, सकाळ कधी होते म्हणून.

रविवारी घोटाळा झाला.

सकाळी तासाभरानं वाट एका उंबराखाली फुटली. उजवीकडं गवतातून जाणारी बारीक पायवाट, पावसानं निम्मी बुजलेली. डावीकडं चांगला रुंद, दोन्ही कडेला दगड लावलेला रस्ता. परिक्रमेचा नियम साधा असतो, देवाचा डोंगर कायम उजव्या हाताला ठेवायचा. डावीकडचा रस्ता तर डोंगराकडं पाठ करून निघाला होता. मी तसं म्हणाले. पण अप्पा खाली वाकून दगडांवर हात फिरवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आनंद.

“आगं, ह्यो दुष्काळी रस्ता हाय! ही सोलिंग बग, खालचा दगडी थर. ही कड बग कशी बसवलीय. बहात्तर साली आम्ही अशीच बसवायचो. ह्यो वळसा घालून बरोब्बर वाटंला लागतो. माझ्यासमोर रस्त्याचं सांगू नको तू.”

मुकादमाला रस्त्याचं काय सांगणार? निघालो. अप्पा पुढं, छाती काढून, मधेच थांबून रस्त्याखालच्या एखाद्या मोरीचं कौतुक करत. तास गेला, दीड तास गेला. रस्ता चढला, एका टेकाडाच्या कुशीत शिरला, आणि संपला. वळला नाही, अरुंद झाला नाही, नुसता संपला. पुढं फुटलेल्या खडीचे दोन ढीग, त्यांच्यावर गवत उगवलेलं, आणि त्यापलीकडं उतार. अप्पांचा विश्वास बसेना. पुढं वाट असेल म्हणून ते ढिगावर चढले, खडी घसरली, आणि ते पाय मुरगळून खाली बसले.

गवत कापणारी एक बाई उतारावरून वर आली. पन्नाशीची, कमरेला विळा.

“इकडं कुठं जाऊन राहिले बाबा?”

“परिक्रमेच्या वाटंला. ह्या रस्त्यानं.”

ती तोंडाला पदर लावून हसली. “हा रस्ता कुठंच जात नाही ना. मीच फोडली ही खडी. पाऊस आला, साहेबानं काम बंद केलं. ज्याचं टोपलं जिथं होतं तिथंच ठिवलं आन् घरी गेलो.”

अप्पा आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं. लातूरच्या माळावर असे किती रस्ते त्यांनी स्वतः अर्ध्यात सोडले होते! दुष्काळी काम हाताला काम देण्यासाठी निघतं, कुठं पोचण्यासाठी नाही. हे अख्ख्या मराठवाड्यात कुणाला माहीत असेल तर त्यांना.

पाय सुजत चालला होता. त्या बाईचा नवरा खाली गवत भरून गाडी माहूरच्या बाजाराला नेणार होता, त्यात अप्पांना घेईल म्हणाली. “तू बी चल गाडीत,” अप्पा म्हणाले. “ऱ्हायलेलं पुढल्या साली करू.”

मला रडूच फुटलं. परिक्रमा राहिली म्हणजे सही राहिली, आणि सोमवार तर उद्यावर. मी म्हणाले, “मी एकटी जाते. उंबरापर्यंत मागं जाते आणि पायवाट धरते. दोन कोस उरलेत.”

“न्हाई.”

“का नाही? तुमच्या चुकीची शिक्षा मला?”

हे असं बोलायला नको होतं, पण मी बोलले. अप्पा खडीच्या ढिगाला टेकून बसले होते. हातातला एक खडा उलटासुलटा करत म्हणाले, “तुजा काका असाच रस्त्याच्या तोंडावरून गेला.”

काका मुंबईला मिलमध्ये आहेत, पत्र लिहायचा आळस करतात, असं आमच्या घरी सांगायचे. मी दहा वर्षं तेच धरून होते.

“आमचं काम बंद झालं त्या दिवशी. मीच त्याला म्हणलं, जा, बार्शीकडं काम निघालंय म्हणतेत, जा चालत. मुकादम मी, भाऊ बी मीच. धोतराच्या पदरात चार भाकरी बांधून दिल्या. गेला. बार्शीला बगितलं, सोलापूरला बगितलं. कुटंच न्हाई. तुजा त्यो हिमालयाचा कागद आला आन् मला तेच दिसलं. चालत गेलेली पाठ.”

गवतवालीनं कमरेचा विळा काढून खाली ठेवला. मी अप्पांचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि छागलीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, सगळं. त्यांनी नको म्हटलं नाही.

मग तेच म्हणाले, “वाट ठाव हाय न्हवं?”

“डोंगर उजव्या हाताला.”

“मग जा. पळू नको. ओढ्यात उगं बसत बसू नको.”

मी उंबरापर्यंत पळतच गेले, खोटं कशाला सांगू. पायवाटेवर शिरले आणि गवत कमरेपर्यंत आलं. एकटी! जन्मात पहिल्यांदा रानात एकटी. थोडी भीती होती आणि पुष्कळ आनंद. दोनदा वाट हरवली, दोनदा उजवीकडं मान वळवून डोंगर शोधला, तो होता. एका चढावर झाडी बाजूला झाली आणि खाली पैनगंगा दिसली, गढूळ, भरलेली, वळणं घेत विदर्भाच्या कडेनं चाललेली. मी मोठ्यानं “अप्पा!” अशी हाक मारली. का मारली ते माहीत नाही. मग उतार, चिखल, एक ओढा, त्यात मी बसले नाही, आणि शेवटी देवळाच्या भोंग्याचा आवाज.

मातृतीर्थाच्या पायऱ्यांवर अप्पा बसले होते. पायाला हळद बांधलेली, शेजारी दोन्ही छागली. त्यांनी मला लांबूनच पाहिलं असणार, कारण मी जवळ पोचेपर्यंत ते भिंत धरून उभे राहिले होते.

“आलीस?”

“आले.”

माझ्या खांद्याला हात लावून त्यांनी पुन्हा विचारलं, “आलीस ना?” मी पुन्हा हो म्हणाले. मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, भिंतीवर धरला आणि सही केली. चालत गेलेलं माणूस चालत परत येताना त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं होतं.