पूर्णेच्या उतारावरची दमणी

सडक नव्हती तेव्हा आमचं काही अडत नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. आजकालची पोरं म्हणतात, आबा, सडक आली म्हणून तर वऱ्हाड सुधारलं. सुधारलं असेल. पण सडकेच्या आधी माणूस माणसाला वाट देत होता अन् सडक आल्यावर वाट देणं बंद झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पंतोजीनं मला बाराखडीच्या पुढं फार नेलं नाही, पण पाहिलेलं लिहायला तेवढं पुरतं.

आमच्याकडे वाट देण्याची रीत होती. रिकामी बंडी भरल्या बंडीसाठी बाजूला व्हायची. भरली बंडी वरातीसाठी थांबायची. अन् सगळ्यांत वरचा मान पोटुशी बाईच्या दमणीचा. दमणी म्हणजे टप घातलेली हलकी गाडी, बायामाणसांना न्यायची-आणायची. लेक बाळंतपणाला माहेरी निघाली की दमणीच्या जुवाला निंबाचा डगाला, म्हणजे पाल्याची फांदी, बांधायचा. तो हिरवा डगाला दुरून दिसला की समोर पाटील असो की पटवारी, बैल वळवून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढायचा अन् दमणी जाईपर्यंत दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. दृष्ट लागू नये म्हणून दमणीचा पडदा सोडलेला असे. तो माहेरच्या दारात उघडायचा, मध्ये नाही. हे कोणी कोणाला शिकवत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तिकडे विलायतेच्याही पलीकडे कुठंतरी लढाई जुंपली अन् आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लोक येडे झाले, दुसरा शब्द नाही. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला. परसात पेरला. मसणवटीच्या कडेनं पेरला. शेताशेतांमधून गाड्यांसाठी सोडलेल्या आमच्या जुन्या पांधणी, त्यासुद्धा दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत आणल्या अन् एके वर्षी पाहतो तर पांधणीच्या मधोमध कापसाची पऱ्हाटी उभी. कोणाला विचारलं तर म्हणे, सडक झाली ना आता, पांधण काय चाटायची आहे. सडक तर एकच. तिच्यावर गावोगावच्या बंड्या, निमाडातून आलेले भाड्याचे गाडीवान, रुईचे डोकडे लादलेली रांग. डोकडे म्हणजे सैल बांधलेले रुईचे मोठे गठ्ठे. आगगाडीचे रूळ तेव्हा टाकून राहिले होते, त्यामुळे सगळा माल बैलांच्याच मानेवर. वर सरकारनं ती खडी टाकलेली. बैलांचे खूर झिजायचे, चाकाची लोखंडी धाव निखळायची अन् आत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची.

त्या खडीनं माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं पोर घेतलं. अचलपूरच्या अल्याड एका गावात तिला दिली होती. कौंडण्यपूरच्या जत्रेहून सासरच्या माणसांसोबत बंडीत बसून परतताना तिला धक्के बसले अन् पाचव्या महिन्यात सारं संपलं. तिच्या सासूनं सडकेला बोल लावला नाही. आम्हाला लावला. म्हणे, कौंडण्यपूरला जायचा हट्ट हिचाच होता, माहेरच्यांनीच लाडावून ठेवलेली.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूनं साफ सांगून पाठवलं की बाळंतपण इथंच होईल, पोरगी सडकेवर निघणार नाही. मायनं जेवण सोडलं. तिची एकच लेक. मग मी स्वतः दमणी जुंपून अचलपूरकडे गेलो. त्या बाईनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं अन् पुष्कळ ऐकवलं. शेवटी म्हणाली, "नेतोस तर ने. पण या खेपेले काही झालं तर तू या दारात पुन्हा उभा राहू नको. अन् ती बी इथं परत येणार नाही."

मी म्हणालो, "उद्या दिवेलागणीच्या आत तिले तिच्या मायच्या हाती देतो. जशी हाय तशी."

बोललो ते बोललो. मी आजवर दिलेला शब्द मागं घेतलेला नाही.

आता मायचं ऐका. शेजारच्या घरची लेक कडब्यावर बसून आली होती म्हणून अन् आपल्या लेकीला धक्का बसू नये म्हणून, मी घरून निघतानाच तिनं माझ्या दमणीत कडब्याऐवजी त्या वर्षीचा पहिल्या वेचणीचा कापूस भरला होता. चांगला टपापर्यंत. मी म्हणालो, माय, ही दमणी आहे की वखार. ती म्हणाली, माही लेक माह्या वावरातल्या कापसावर बसून येईन. पडदा टाकला तरी टपाच्या चटईच्या फटींतून कापूस बाहेर डोकावत होता. मी लक्ष दिलं नाही. दमणी म्हणजे दमणी, जुवाला डगाला आहे, झालं.

रात्र सासूच्या ओट्यावर काढून पहाटेच निघालो. बहीण आत, मी पुढं, पायी. बैलांना मी पोटची पोरं असल्यासारखं हळू चालवलं. पूर्णा नदीपर्यंत सगळं ठीक. पूर्णेवर पूल नव्हता. थडी, म्हणजे नदीचा उभा काठ, खोदून एकच उतार केलेला, एका वेळी एक बंडी जाईल एवढा. खाली वाळू, वाळूत चाकं निम्मी, पार आकापर्यंत रुतायची, मग मागच्याचे बैल सोडून पुढच्याला जोड लावायची, तेव्हा कुठं ती बंडी पैलतीराला लागायची. अन् उतारावर, सडकेवर, सडकेच्या वळणापलीकडे नजर जाईल तिथवर डोकड्यांच्या बंड्या. बैल बसलेले, गाडीवान चिलीम ओढत बसलेले, कोणी चूल मांडून भाकरी थापत होता.

मी दमणी रांगेच्या बाजूनं काढली अन् पहिल्याच बंडीवाल्याला म्हणालो, भाऊ, वाट द्या. तो एक काळा, पडक्या दातांचा माणूस होता, आमच्याच भागातला, म्हणजे रीत ठाऊक असलेला. त्यानं माझ्या डगाल्याकडे पाहिलं, मग आपल्या जुवाकडे बोट केलं. त्याच्याही जुवाला निंबाचा डगाला. मी पुढच्या बंडीकडे पाहिलं. तिलाही. त्याच्या पुढच्या तीन-चार बंड्यांनाही. एकानं तर डोकड्यांवर लुगडं पांघरलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "तुह्या डोकड्याले कितवा महिना हाय?"

"नववा," तो म्हणाला. "अमरावतीत मोकळं होईन."

सगळी रांग हसली. मी असं हसणं आजवर विसरलो नाही. लोकांनी पेठेत आधी पोचावं म्हणून लेकीबाळींचा डगाला कापसाला बांधला होता अन् वर हसत होते.

उताराच्या तोंडाशी सरकारचा एक शिपाई बसवला होता. रांग लावायचं काम त्याचं. माणूस इकडचा नव्हता, त्याला आपली भाषा येत नव्हती, पण सकाळपासून त्यानं बरेच डगालेवाले पकडले असावेत. कारण मी रांगेच्या कडेकडेनं दमणी तिथवर आणताच तो हसतच उठला.

"अंदर क्या है?"

"माही बहीण हाय."

"आज सबकी बहन है," असं म्हणून त्यानं टपाच्या फटीत दोन बोटं घातली, कापसाचा एक पुंजका ओढून काढला अन् सगळ्यांना उंच धरून दाखवला. पुन्हा हसणं. मग मला म्हणाला, परदा उठाओ, देख लूँ, फिर जाओ.

मी म्हणालो, नाही. माझ्या घरच्या पोटुशी लेकीचा पडदा कोण्या शिपायानं सडकेवर उचलून पाहायचा, म्हणजे उद्या तो दारात येऊन चूलही तपासेल. तो म्हणाला, मग रांगेत. मी म्हणालो, रांगेतही नाही, कारण रांग डोकड्यांची आहे. असं आमचं बराच वेळ चाललं. त्यानं सोटा दमणीच्या पुढं आडवा धरला अन् मी बैलांचा कासरा धरून तिथंच उभा राहिलो. मागच्या बंड्या माझ्या बाजूनं खाली जाऊन राहिल्या होत्या. मागून आलेले पैलतीराला लागले अन् मी जिथल्या तिथं.

आतून बहीण हळूच म्हणाली, "दादा, उचल ना पडदा. काय होते?"

"तू गप राय."

ऊन चढलं, मग कलू लागलं. तिनं पाणी मागितलं, मी पडद्याच्या कडेखालून तांब्या आत सरकवला. तिच्या पायांना मुंग्या आल्या म्हणाली, मी म्हणालो, कूस बदल. मग थोड्या वेळानं म्हणाली, कंबर भरून आली आहे. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. गेल्या खेपेलाही सुरुवात कंबरेपासूनच झाली होती, हे मला मायनं सांगितलेलं होतं. दिवेलागणीचा शब्द, ती सासू, माय, सगळं डोक्यात एकदम आलं. पण शिपायापुढं पडदा उचलायला काही केल्या हात पुढं होईना. मी दमणी तिथंच सोडली अन् वरच्या अंगाला थडीनं चालत निघालो, दुसरा उतार मिळतो का पाहायला. वाटलं, जिथं आमचे बाप-आजे नदी उतरत होते तिथली जुनी वाट असेल. होती. तिच्यावरही कोणीतरी पऱ्हाटी लावली होती, थेट काठापर्यंत. पुढं थडी उभी कापलेली. बैल उतरणार नाही, माणूसही पडला असता.

परत आलो तर रांगेचा आवाज बंद. बंडीवाले उभे राहून पाहत होते. दमणीचा पडदा वर फेकलेला, मायचा कापूस अर्धा सडकेवर सांडलेला अन् माझी बहीण खाली उतरून शिपायापुढं उभी. डोक्यावर पदर, एक हात कंबरेवर. तिची ती अवस्था कोणालाही दुरूनच दिसली असती.

"पाह्यलं?" ती शिपायाला विचारत होती. "झालं पाहून? आता तुही काठी बाजूले घे."

त्याला शब्द कळले नसतील, पण सोटा खाली गेला. मग ती त्या पडक्या दाताच्या बंडीवाल्याकडे वळली. इतका वेळ रांगेतून सरकत सरकत तो आता उताराच्या तोंडाशीच आला होता. तिनं आतून सारं ऐकलं होतं.

"भाऊ, तुह्या डोकड्याले नववा लागला ना? उतरव त्याले खाली. दोघी संगं पायी जाऊ."

कोणी हसलं नाही. तो माणूस खाली मान घालून बैलांच्या पुढं गेला अन् बंडी मागं दाबायला लागला. त्याच्यामागचा म्हणाला, मागं जागा नाही. तो म्हणाला, करा. अन् ती मागं ढकलाढकली अशी सुरू झाली की दूरवर बैल उठून उभे राहिले. जागा झाली. हीच जागा सकाळीही होती.

मी धावत जाऊन म्हणालो, बस आत. ती म्हणाली, नाही बसत. आत धक्के बसतात, पायी बसत नाहीत. मी म्हणालो, लोक पाहून राहिले. ती म्हणाली, पाहू दे, दिवसभर न पाहता काय दिलं त्यांनी? अन् ती उतार चालत उतरली, वाळू तुडवली, घोट्याएवढ्या पाण्यातून सावकाश पलीकडे गेली. मी मागून रिकामी दमणी घेऊन. तो बंडीवाला आपले बैल सोडून माझ्या मागं आला अन् म्हणाला, जोड लावतो, वाळू जड आहे. मी म्हणालो, माह्या बैलाईले जोड लागत नाही. लागली नाही. दमणीत माणूस नव्हता, कापूसही निम्मा सडकेवर राहिला होता, काय लागणार.

पैलतीराला ती निंबाखाली थोडी टेकली. कंबर कशी आहे विचारलं. म्हणाली, चालल्यानं मोकळी झाली. मग मी तिला आत बसवली, पडदा सोडला. तिनं तो पुन्हा वर केला. म्हणाली, वारा लागू दे. मी बैल हाकले. घर यायच्या आत सोडू असं ठरवलं होतं, पण ती ऐकती तर.

दिवेलागणीच्या आत पोचलो. माय दारात, शेजारच्या बायका दारात. पोटुशी लेक उघड्या दमणीतून आली म्हणून त्या एकमेकींकडे पाहू लागल्या, पण मायनं कोणाकडे पाहिलं नाही. सुईणीला आधीच बोलावून बसवलं होतं. ती बहिणीला आत घेऊन गेली. मी बाहेर बैल सोडत होतो, पण खरं म्हणजे कान आत होते. बराच वेळ काही ऐकू येईना. मग सुईण बाहेर आली, पदराला हात पुसत म्हणाली, "पोर हालून राह्यलं. जोरात हालून राह्यलं."

मी जू खाली ठेवलं. बहीण तिच्यामागंच उंबऱ्यापर्यंत आली. पाय धुवून झाले होते, हातात भाकरी होती, खात खात म्हणाली, "दादा, पडदा तू सकाळीच उचलला असता तर दुपारीच पोचलो असतो."

माय माझ्याकडे पाहत होती, सुईण पाहत होती. मी म्हणालो, "मी नसता उचलला. उद्या बी उचलणार नाही."

"ठाऊक हाय," ती म्हणाली अन् दुसरी भाकरी आणायला आत गेली. मी बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेलो.