विठूच्या मूत्रपिंडांना मी केलेला उपदेश

जी गोष्ट मी आपणहून कधीच सांगितली नसती, ती आज सांगत आहे. कारण लाटंबार्शासारख्या लहान गावात राहिल्यावर ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत येणारच, आणि येताना तिला चार शेपट्या फुटलेल्या असणार. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.

माझे शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे डिचोलीजवळच्या एका खाणीवर, वजनकाट्याच्या खोपटात कारकुनी करण्यात आयुष्य गेले. वाचन मात्र मी सोडले नाही. वाचलेले लोकांना समजावून सांगणेही सोडले नाही. या दुसऱ्या सवयीबद्दल आज मनापासून खेद होतो.

गेल्या वर्षी एका मासिकात लेख वाचला. आपल्या आतड्यांतले जिवाणू अन्नापासून नाना द्रव्ये तयार करतात. ती रक्तातून प्रवासाला निघतात. यकृत काही ठेवून घेते, काहींचे रूप पालटून पुढे धाडते. मूत्रपिंडे नको ते बाहेर टाकतात. एक अवयव देतो, दुसरा घेतो. हे कळले कसे? तर डुकरांच्या एकेका अवयवात शिरणारे रक्त आणि त्यातून बाहेर पडणारे रक्त, दोन्ही तपासून. दोहोंतला फरक म्हणजे त्या अवयवाने घेतलेला किंवा दिलेला माल.

आता मला सांगा, हे मला कोणी शिकवावे? भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, रिकामा झाला की पुन्हा चढवायचा आणि फरक लिहायचा. उभा जन्म मी दुसरे केले तरी काय? शरीरशास्त्र मला आधीपासूनच येत होते, केवळ कोणी विचारले नव्हते, अशी माझी खात्री पटली.

विचारणारा शेजारीच होता. विठू गावस, माझा बालमित्र. त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. त्याची मूत्रपिंडे थकत चालली होती आणि सून शर्मिला डॉक्टरांच्या कागदाबरहुकूम त्याला मोजून जेवण देई. मी त्याच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर बसून लेख समजावून दिला.

"विठू, तुझ्या मूत्रपिंडांकडे माल फार येतो. तो आतड्यांतून सुटतो. सुटतानाच कमी केला तर?"

"म्हणजे ट्रक कमी सोडूचे?"

"अगदी बरोबर."

"आणि नुस्त्याचां काय? डॉक्टर आठवड्यात दोनदा खा म्हणता."

"मासळी बंद. तिच्यापासून जिवाणू नको तो माल बनवतात. डॉक्टरांनी हा लेख वाचलेला दिसत नाही. तुझ्या जिवाणूंना फळे हवीत, कडधान्ये हवीत."

शर्मिला दारात उभी होती. "भाऊकाका, डॉक्टरांचो कागद एकदा बघा तरी."

"कागद राहू दे, बाय. त्यामागचे शास्त्र मला ठाऊक आहे."

हे वाक्य मी उच्चारले. कोणी माझ्या तोंडी घातलेले नाही.

शर्मिला दिवसभर डिचोलीला नोकरीवर असे. त्या वेळेत मी माझ्या बागेतली सालदाटी केळी नेऊ लागलो. सोबत चवळीसारखे अळसांदे शिजवून आणि रोज एक अडसर, म्हणजे तुमचे शहाळे. विठू खुशीत. कित्येक महिन्यांनी त्याला पोटभर मिळत होते.

दहाएक दिवसांनी तो म्हणाला, "भाऊ, पायांत बळ नाय रे. छातीतपण कायतरी चुकल्यासारखां वाटता."

"जिवाणू बदलत आहेत. आरंभी असे व्हायचेच."

हे त्या लेखात नव्हते. हे माझे स्वतंत्र संशोधन.

दुसऱ्या दिवशी दुपारी विठूला बलकांवातून उठता येईना. मी शर्मिलाला फोन केला आणि रुग्णवाहिका बोलावली. इस्पितळात तपासणी करून डॉक्टर बाहेर आले. "यांना केळी कोणी दिली? शहाळे कोणी दिले?"

शर्मिला माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हे आमचे भाऊकाका. खूप वाचतात."

"तुम्ही वैद्यकीय क्षेत्रात होता का?"

"वजनकाट्यावर होतो," मी म्हणालो.

डॉक्टर ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे सांगितले, की या पदार्थांत पोटॅशियम भरपूर असते, थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि ते फार साचले तर हृदय थांबते. मग शर्मिलाने पर्समधून तो कागद काढून माझ्या हातात दिला. वर्ज्य पदार्थांत पहिल्याच ओळीत केळी होती. त्याखाली शहाळे. त्याखाली कडधान्ये. माझा सगळा उपचार तिथे क्रमवार लिहिलेला होता.

तो कागद घेऊन मी बाकावर बसून राहिलो. साठ वर्षांपासूनचा मित्र आत, आणि त्याला आत धाडणारा मी.

विठू वाचला. चौथ्या दिवशी मला भेटू दिले. क्षमा कशी मागावी याची वाक्यरचना मी वाटेत तयार केली होती, पण तोच आधी बोलला.

"भाऊ, एक सांग. ती डुकरां मागीर बरी झाली?"

खोटे बोलणे मला जमत नाही. "बरी होण्याचा प्रश्नच नव्हता. ती मुळात निरोगी होती. त्यांची मूत्रपिंडे उत्तम होती."

विठू माझ्याकडे वळला. "म्हणजे त्या सगळ्यांत दुखणाईत असो मी एकटोच?"

"होय," मी म्हणालो. "आणि त्यांची देखभाल करायला निदान शिकलेली माणसे होती."