आंद्रे विषय काढतो

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ऑफिसात विसरलेल्या छत्र्यांसारखे ते साठत जातात. कुठली कोणाची ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. सत्तरच्या दशकाअखेरीस आमच्या बेटावरच्या फिनिक्स गावातल्या सरकारी ऑफिसात जेवढे किस्से साठले, त्यातले निम्मे एकट्या आंद्रेचे!

आंद्रे माझ्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होता. क्रिओल, म्हणजे बेटावरचा आफ्रिकी वंशाचा ख्रिस्ती. सज्जन, इस्त्रीचा शर्ट. चर्चच्या प्रार्थना-गटात त्याला सांगितलं गेलं की, लोकांशी श्रद्धेबद्दल मनापासून बोलायला शिका. यानं प्रश्न टाइप केले, त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा तीन वर्षांचा मुलगा तापानं गेला. तेव्हापासून त्याची बायको मारी-लिझ चर्चची पायरी चढली नव्हती. घरी तो विषय काढायची आंद्रेची छाती होत नव्हती. म्हणून सराव आमच्यावर!

* * *

पहिला बळी गोविंद. रेकॉर्ड सांभाळायचा, शमें ग्रेनिए गावाहून रोज यायचा. चहाच्या वेळी आंद्रेनं चिठ्ठी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "गोविंद, आज तू मेलास तर कुठे जाशील?"

"शमें ग्रेनिएला," गोविंद बिस्किट बुडवत म्हणाला. "आमच्यात सगळ्यांना तिथंच नेतात."

आंद्रेनं चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली.

* * *

मग माझी पाळी. "येशूला तू आपल्या घरात कधी जागा दिलीस?"

मी त्याला सरळ घरी घेऊन गेलो. आमच्या देव्हाऱ्यात गणपती, त्याच्या शेजारी मारुती आणि मारुतीच्या शेजारी येशू. ताजं जास्वंदाचं फूल, हळदकुंकू, सगळं यथासांग! आईनं कुठूनशी ती तसबीर आणली होती. देव आहे म्हटल्यावर तिनं चौकशी केली नाही.

आंद्रेनं वाकून तसबीर नीट पाहिली. मग हळूच म्हणाला, "माझ्या घरी तो कपाटामागे आहे. मारी-लिझनं भिंतीवरून काढला."

त्या दिवशी मला हसू आलं नाही.

* * *

सप्टेंबरात अर्धं बेट पायी चालत एका ख्रिस्ती संताच्या कबरीला जातं. आंद्रेनं हिशेब केला, सोबतचा माणूस चालता चालता पळून कुठे जाणार? त्यानं पांपलमूस गावच्या एका शेतकऱ्याला गाठलं आणि आणखी एक चिठ्ठी काढली.

शेतकरी हिंदू निघाला. शिवाय त्याची ही चौदावी खेप, आंद्रेची पहिली! कबरीपाशी पोचेपर्यंत आंद्रेच्या पायाला फोड आले होते. त्या माणसानं ते बांधून दिले आणि वर समजावलं, "मिस्ये, आत गेल्यावर घाईनं मागू नका. आधी नमस्कार करायचा."

* * *

सायक्लोनचा इशारा झाला तेव्हा आंद्रेला वाटलं, भ्यालेला माणूस ऐकून घेईल. तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, वादळ येतंय. तुमची तयारी आहे का?"

"मनाची आहे," साहेब म्हणाले. "मेणबत्त्यांची नाही. तुमच्या चर्चमध्ये असतील ना?"

आणि त्यांनी आंद्रेला ऑफिसची जीप देऊन मेणबत्त्या आणायला पिटाळलं!

* * *

आता शेवटचा. गणेश चतुर्थीला आई ओळखीच्या घरी मोदक वाटायची. त्या वर्षी आंद्रेकडेही गेली. मी सोबत होतो. मारी-लिझनं दार उघडलं, मोदक घेतले आणि आभाराचं "मेर्सी" म्हणून दार लावायला लागली. आईनं पाय आत टाकला आणि आपल्या मोडक्यातोडक्या क्रिओल भाषेत विचारलं, "पोरी, तुझ्या मुलाचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं सगळे ते नाव टाळत होते. आम्ही ऑफिसातले, शेजारी, खुद्द आंद्रे. मारी-लिझ दारातच खाली बसली. आई तिच्याजवळ बसली. अंधार पडेपर्यंत दोघी त्या मुलाबद्दल बोलत होत्या. काय खायचा, कशाला घाबरायचा, कसा हसायचा. आंद्रे आणि मी अंगणात उभे. त्यानं चिठ्ठ्या काढून एकेक चाळली. हा प्रश्न त्यात नव्हता.

चारेक दिवसांनी मारी-लिझचा निरोप आला. तिला मुलाच्या नावानं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं होतं. पण एका अटीवर, आईनं सोबत यायचं.

रविवारी माझी गाडी भरली. आई, मारी-लिझ आणि तिच्या दोन बहिणी. आंद्रेला जागा उरली नाही. आई नऊवारी नेसून, नारळ मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली.

मिस्सा संपल्यावर प्रार्थना-गटाची सभा होती. नव्यानं आलेल्यांनी किंवा परतून आलेल्यांनी उभं राहायचं आणि आपल्याला कोणी आणलं ते सांगायचं, असा त्यांचा रिवाज. आंद्रेनं मागच्या बाकावर टाय सारखा केला. गटाच्या प्रमुखांनी मारी-लिझकडे बघून प्रेमानं विचारलं, "बेटी, तुला इथं कोणी आणलं?"

मारी-लिझनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "हिनं."

प्रमुख जरा गोंधळले. आईकडे वळले. "आणि तुम्हाला, तांतीन?"

आईनं मारी-लिझकडे बोट दाखवलं. "हिनं!"

प्रमुखांनी मागे मान वळवली आणि चाचरत विचारलं, "आणि... आंद्रेनं?"

"आंद्रे?" आई म्हणाली. "त्यो बसनं आला!"